ॲक्टिव्ह की पॅसिव्ह: इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप निवडताना

इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारे भाग) बदलायचे ठरले की ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) घ्यावेत की पॅसिव्ह (बॅटरीशिवायचे) हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर बहुधा संगीतप्रकारावरून दिले जाते: मेटल वाजवणाऱ्यांनी ॲक्टिव्ह, ब्लूज वाजवणाऱ्यांनी पॅसिव्ह. हा निकष अपुरा आहे. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी आपल्या लाल स्ट्रॅटोकास्टर गिटारवर ईएमजी कंपनीचे ॲक्टिव्ह सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे पिकअप) अनेक वर्षे वापरले आणि त्यांचे वादन मेटलपासून फार दूरचे आहे. उलट १९७२ पासून बनत असलेला डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन हा पूर्णपणे पॅसिव्ह हंबकर (दोन कॉइलांचा पिकअप) असून तो ॲम्पला, म्हणजे ध्वनिवर्धकाला, भरपूर जोरात ढकलतो. निवड करणाऱ्याने स्वतःला वेगळा प्रश्न विचारावा: माझा स्वर गिटारच्या आतच ठरून बाहेर पडायला हवा, की नॉब, केबल आणि पेडल यांच्यासह वाटेत घडायला हवा?

हा प्रश्न का महत्त्वाचा आहे ते पॅसिव्ह पिकअपच्या रचनेत दिसते. त्यात चुंबक असतो आणि त्याभोवती सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात; स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीच्या सिंगल कॉइलमध्ये साधारण साडेसात ते आठ हजार, तर जुन्या पद्धतीच्या हंबकरमध्ये प्रत्येक कॉइलला पाच हजारांच्या आसपास. एवढे वेढे असल्यामुळेच बॅटरीशिवाय पुरेसा व्होल्टेज मिळतो, पण त्याबरोबर इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला कॉइलचा विरोध) आणि इम्पिडन्सही (बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) वाढतात. हा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक अनुनादी मंडल तयार होते, ज्याच्या शिखराजवळचे स्वरघटक उठून येतात आणि त्यापलीकडचे झपाट्याने विरतात. साडेचार हेन्रीचा हंबकर आणि केबलसह एकूण ६०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला, तर शिखर ३ किलोहर्ट्झच्या आसपास येते. कपॅसिटन्स दुप्पट झाला की ते २.२ किलोहर्ट्झपर्यंत उतरते. केबलचा कपॅसिटन्स साधारणपणे दर मीटरला १०० पिकोफॅरड असतो, त्यामुळे ३ मीटरच्या जागी १० मीटरची केबल लावली की तीच गिटार मंद आणि झाकोळलेली वाटते. पॅसिव्ह पिकअपचा स्वर असा एकट्या पिकअपचा नसतो.

ॲक्टिव्ह पिकअपमध्ये वेढे कमी असतात आणि त्यामुळे पडलेली उणीव पिकअपच्या आवरणातच बसवलेला प्रीॲम्प (संकेत वाढवणारे छोटे मंडल) भरून काढतो. रॉब टर्नर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे ईएमजी या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने ही पद्धत रूढ केली. त्यांच्या ८१ या प्रसिद्ध पिकअपचा आउटपुट इम्पिडन्स १० किलोओहम आहे. पॅसिव्ह हंबकरचा इम्पिडन्स अनुनादाच्या जागी एक लाख ओहमच्याही वर चढतो. इम्पिडन्स इतका खाली आल्यावर केबल लांब असो वा आखूड, ॲम्पपर्यंत जवळपास तोच स्वर पोहोचतो. मोठ्या रंगमंचावर लांब केबलने वाजवणाऱ्याला किंवा ध्वनिमुद्रणात दर वेळी तोच स्वर मिळावा असा आग्रह धरणाऱ्याला याचे मोल मोठे आहे.

आता ज्या फरकाची चर्चा सर्वांत कमी होते आणि जो माझ्या मते निर्णायक आहे, तो सांगतो: व्हॉल्यूमचा नॉब. पॅसिव्ह गिटारमध्ये नॉब थोडा खाली आणला की पॉटचा (नॉबखालच्या बदलत्या रोधकाचा) रोध आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून उंच स्वरघटक कापले जातात, म्हणजे आवाज कमी होताना मऊही होतो. ज्यांना हे नको असते ते पॉटवर छोटा कपॅसिटर लावून घेतात. पण कित्येक वादकांची सारी शैली या मऊपणावर उभी असते, कारण ॲम्पचा आवाज फाटू लागण्याच्या उंबरठ्यावर ठेवून स्वच्छ साथसंगत आणि तापलेला एकल तुकडा यांच्यात ते केवळ करंगळीने ये-जा करतात. फझ फेससारख्या, स्वर खरखरीत करणाऱ्या जुन्या धाटणीच्या पेडलबाबत तर हे अधिकच खरे आहे. त्याचा इनपुट इम्पिडन्स फार कमी असल्याने पिकअप त्याच्या मंडलाचाच भाग बनून जातो आणि नॉब किंचित मागे घेताच फझ निवळून काचेसारखा स्वच्छ स्वर येतो. ॲक्टिव्ह पिकअपपुढे तेच पेडल कर्कश होते आणि तसे निवळतही नाही. ज्यांचा हात सतत नॉबवर असतो आणि ज्यांचा फझवर जीव आहे, त्यांनी पॅसिव्हच ठेवावेत, असे मी निःशंकपणे सांगेन. उलट ज्यांचा नॉब कायम पुऱ्यावर असतो आणि स्वरातले सगळे बदल पायाखालच्या पेडलांनी होतात, त्यांना ॲक्टिव्ह घेतल्याने या बाबतीत काही गमवावे लागत नाही.

गोंगाटाच्या बाबतीत ॲक्टिव्हची बाजू वरचढ आहे, पण मानली जाते तितकी नाही. वीजपुरवठ्याची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण हा मुख्यतः सिंगल कॉइलचा त्रास आहे; हंबकरमध्ये ती दोन उलट्या कॉइलांमुळे आधीच रद्द होते आणि गिब्सनमधील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ती रचना त्यासाठीच विकसित केली. तेव्हा हंबकर असूनही प्रचंड गेनवर (संकेत खूप वाढवल्यावर) सळसळ ऐकू येत असेल, तर तिचा बराचसा भाग ॲम्प आणि पेडलांचा असतो आणि पिकअप बदलून तो जाणार नाही. ॲक्टिव्हचा खरा लाभ ज्यांना सिंगल कॉइलचा उजळपणा गुणगुणीशिवाय हवा आहे त्यांना अधिक होतो.

ॲक्टिव्ह म्हणजे नेहमी जास्त मोठा आवाज, ही समजूतही तपासून घ्यावी. त्यांचा आघात घट्ट आणि एकसारखा वाटतो, खालच्या तारेवर वेगाने हाताने दाबून वाजवलेले तुकडे स्पष्ट सुटे ऐकू येतात आणि म्हणूनच मेटालिका या मेटल बँडच्या जेम्स हेटफिल्ड यांच्यासारख्या वादकांनी त्यांना जवळ केले. पण हीच एकसारखी ठेवण हलक्या आणि जोरकस प्रहारांतला फरक काहीसा सपाट करते, अशी तक्रार बोटांनी वाजवणाऱ्यांकडून ऐकू येते. काही जण दोन बॅटऱ्या जोडून १८ व्होल्टवर पिकअप चालवतात, जेणेकरून जोराच्या प्रहाराला प्रीॲम्पमध्ये अधिक जागा मिळावी. हा बदल करण्याआधी आपल्या पिकअपला तेवढा व्होल्टेज चालतो की नाही, ते उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावे.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. बॅटरीची भीती अवास्तव आहे: ईएमजी ८१ साठी ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर सुमारे ३,००० तासांचे आयुष्य सांगितले जाते. मात्र जॅकमध्ये केबल लावलेली असेपर्यंत प्रवाह चालू राहतो, म्हणून वाजवून झाल्यावर ती काढण्याची सवय हवी. बॅटरी आत मावते का हे आधी मोजावे, कारण काही गिटारांच्या पोकळीत तेवढी जागा नसते. ॲक्टिव्हला साधारणपणे २५ किलोओहमचे पॉट लागतात, तर पॅसिव्हला २५० किंवा ५०० किलोओहमचे; त्यामुळे एक पिकअप ॲक्टिव्ह आणि दुसरा पॅसिव्ह ठेवण्याचा बेत दिसतो तितका सोपा नसतो. २५ किलोओहमच्या पॉटवर पॅसिव्ह पिकअपचा आवाज पार दबून जातो. शिवाय ॲक्टिव्हचे मंडल राळेत बंद केलेले असल्याने ते बिघडले तर दुरुस्ती जवळपास अशक्य असते, तर पॅसिव्ह पिकअपची तुटलेली कॉइल कुशल कारागीर पुन्हा गुंडाळू शकतो.

या दोन टोकांच्या मधलीही जागा आहे. फिशमन कंपनीने २०१४ मध्ये आणलेल्या फ्लुएन्स पिकअपमध्ये तारेच्या वेढ्यांऐवजी छापील मंडलांचे थर असतात आणि एकाच पिकअपमधून एकाहून अधिक स्वर निवडता येतात. जुन्या पॅसिव्ह पिकअपचा गोडवा आणि कमी इम्पिडन्स दोन्ही हवे असणाऱ्यांनी ते अवश्य ऐकून पाहावेत. पॅसिव्ह पिकअप तसेच ठेवून पुढे बफर पेडल (इम्पिडन्स खाली आणणारे) लावले, तरी लांब केबलची अडचण सुटते. फक्त फझ असेल तर तो बफरच्या आधी जोडावा.

निर्णय होतच नसेल, तर खर्च करण्यापूर्वी सध्याच्या पिकअपची उंची स्क्रू फिरवून बदलून पाहा, आखूड केबल लावा आणि एका पूर्ण सरावात नॉबला किती वेळा हात जातो तिकडे लक्ष ठेवा. उंची एक-दोन मिलिमीटरने बदलली तरी आघाताची घट्टाई आणि आवाजाची पातळी जाणवण्याइतकी बदलते, आणि पिकअप बदलण्याची इच्छा अनेकदा तिथेच मिटते.