सीएनएमजी १२०४०८, पी२५ सीव्हीडी ग्रेड: सहा महिन्यांच्या टर्निंगनंतर

सीएनएमजी १२०४०८ म्हणजे लेथवर धातू कापणारी, बदलता येणारी कार्बाइडची टिप; पी२५ ही स्टीलसाठीची मधली ग्रेड आणि सीव्हीडी म्हणजे तापलेल्या वायूतून चढवलेलं कोटिंग. काम ईएन८ आणि ईएन१९ या स्टीलच्या शाफ्टचं, मशीन सीएनसी लेथ. रफिंगला, म्हणजे सुरुवातीच्या जाड कटला, २ मिमी डेप्थ, दर फेऱ्याला ०.२५ ते ०.३ मिमी फीड.

टिपवर खाली टायटॅनियम कार्बोनायट्राइड, त्यावर अ‍ॅल्युमिना आणि सगळ्यात वर सोनेरी टायटॅनियम नायट्राइड. खरी सुधारणा मधल्या थरात आहे. पूर्वी अ‍ॅल्युमिनाचे स्फटिक वाटेल तसे वाढायचे; आता ते एकाच दिशेला तोंड करून बसवतात. सेकोची ड्युराटॉमिक, सँडविकची इन्व्हिओ ही याच जातीची कोटिंग. कापून निघणाऱ्या चिपच्या घासण्याने टिपच्या माथ्यावर जो खड्डा पडतो, तो यामुळे बराच उशिरा पडतो.

पण हे कोटिंग वेगासाठी बनवलंय. टिप वाचवायची म्हणून १०० ते १२० मी/मि वर चालवली, तर धातू धारेला चिकटतो आणि सुटताना कोटिंगचा कपचा घेऊन जातो. मग नाव टिपचं खराब! हवा तो वेग, २२० मी/मि, म्हणजे ५० मिमी व्यासाला १४०० आरपीएम, पण २० मिमीला थेट ३५००. लहान स्पिंडल तिथवर जात नसेल तर पातळ कोटिंगची, धारदार पीव्हीडी टिपच घ्यावी. फेसिंगला (जॉबचं तोंड सपाट करताना) कापण्याचा वेग स्थिर ठेवणारा जी९६ कोड लावला तरी जी५०ने घातलेल्या कमाल आरपीएमच्या मर्यादेमुळे मध्याजवळ वेग पडतोच. त्यात टिप सेंटरच्या वर असेल तर तिथेच कोपरा उडतो.

कीवे (चावीची खाच) असलेल्या जॉबवर ही टिप चालवू नये. ठोके बसून धार तुटते. तिथे पी३५ ही जास्त चिवट ग्रेड आणि कूलंट बंद. एरवी कूलंट भरपूर, अखंड. थांबून-थांबून येणाऱ्या कूलंटने टिप तापते-निवते आणि धारेला आडव्या, कंगव्यासारख्या भेगा पडतात.

सोनेरी रंग उडाला म्हणजे टिप संपली, हा गैरसमज सोडा. तो रंग कोणता कोपरा वापरलाय ते दाखवायला. बाजूची झीज ०.३ मिमी झाली की कोपरा फिरवा, आणि फिरवताना टिप बसते ती सीट पुसा. खाली एक चिप अडकली तरी टिप डुगडुगते आणि पहिल्याच कटला फुटते. टिपखालच्या शिमचा (पट्टीचा) कोपराही तपासा, तो तुटलेला असतो आणि कोणी बघत नाही.

फिनिशिंगला टिपच्या कोपऱ्याच्या ०.८ मिमी रेडियसवर ०.१५ फीडने पृष्ठभागावरच्या रेघांची हिशेबाची उंची साडेतीन मायक्रॉन येते, ०.२५ ने जवळपास दहा. डेप्थ ०.५ च्या आत गेली की या रफिंगच्या चिपब्रेकरवर (टिपवरच्या चिप तोडणाऱ्या खाचेवर) चिप तुटत नाही, दोऱ्यासारखी जॉबला गुंडाळते. त्यासाठी फिनिशिंग चिपब्रेकरची टिप वेगळी लावावी लागते.