ओबीत पीएचडी की सोशल सायकॉलॉजीत? पुण्यात बसून ठरवणाऱ्यांसाठी

एम.ए. सायकॉलॉजी झालं, नेटची परीक्षाही निघाली, आता पीएचडीला मॅनेजमेंटवाल्यांकडे जाऊन ओबी (ऑर्गनायझेशनल बिहेवियर, म्हणजे नोकरीच्या ठिकाणी माणसं कशी वागतात) करायचं की आपल्याच डिपार्टमेंटला सोशलमध्ये (माणसं एकमेकांमुळे कशी वागतात) राहायचं, हा प्रश्न घेऊन महिन्याभरात तीन ज्युनियर विद्यापीठाच्या जयकर लायब्ररीबाहेर चहाला भेटलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी ओबीवाली, चौथं वर्ष चालू. रूममेट सोशलवाली. त्यामुळे दोन्हीकडची रडगाणी मी एकाच स्वयंपाकघरात ऐकलेली आहेत.

पहिला गैरसमज, की दोन्हीकडच्या थिअरीज वेगळ्या असतात. अजिबात नाही! कोर्सवर्कच्या पहिल्या सेमला आम्ही दोघी एकच प्रिंटआउट वाटून वाचायचो. कर्ट लेविनचा 1939 चा मुलांच्या क्लबवरचा अभ्यास, हुकूमशाही लीडर, लोकशाही लीडर आणि सगळं मोकळं सोडणारा लीडर, हा तिलाही होता आणि मलाही. स्टेसी अ‍ॅडम्सची इक्विटी थिअरी, म्हणजे कष्ट आणि मोबदला आपण इतरांशी तोलून बघतो ही, एमबीएच्या पुस्तकात मोटिव्हेशनच्या चॅप्टरमध्ये बसवलेली असते, पण तिचं माहेर सोशल सायकॉलॉजीच, फेस्टिंगरच्या डिसोनन्समधूनच (विचार आणि वागणं जुळलं नाही की होणारी चलबिचल) ती आलीये. ताजफेलने ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना नुसतं ‘तुम्ही या गटातले’ एवढं सांगून पॉइंट वाटायला लावले आणि मुलांनी लगेच आपल्या गटाला झुकतं माप दिलं, 1971 चा पेपर. पुढे 1979 मध्ये टर्नरबरोबर त्याची सोशल आयडेंटिटी थिअरी (आपण कोण हे आपण आपल्या गटावरून ठरवतो) झाली आणि 1989 मध्ये अ‍ॅशफोर्थ आणि मेल यांनी ती उचलून ऑफिसात आणली. म्हणजे मालाची आवक बऱ्यापैकी एकाच गावाहून.

फरक पडतो तो पुढे, त्या थिअरीचं तुम्ही करता काय इथे. सोशलवाली थिअरीलाच उभं-आडवं तपासते, हे खरंच होतं का, कधी होत नाही, मधे काय घडतं. आम्ही ओबीवाले थिअरी पान्यासारखी वापरतो. हिंजवडीतल्या दोन कंपन्या एक झाल्या आणि तीन वर्षांनीही कॅन्टीनमध्ये ‘आमच्याकडे असं नव्हतं बाबा’ चालूच आहे, तर का, आणि त्याने कोण राजीनामा देतं, हा माझ्या बाजूचा प्रश्न. एक सोपी परीक्षा सांगते. तुमच्या प्रश्नातून कंपनी, बॉस, पगार, प्रमोशन सगळं काढून टाका. तरी प्रश्न जिवंत राहिला तर सोशल, मेला तर ओबी. तिघांपैकी दोघींचं उत्तर तिथेच चहा गार व्हायच्या आत मिळालं. (तिसरा म्हणाला माझ्याकडे प्रश्नच नाहीये, नुसती नेट आहे. त्याला म्हटलं सहा महिने थांब.)

आता डेटा, कारण पीएचडी तिथेच अडते.

ओबीत डेटा म्हणजे परवानगी. एमी एडमंडसनची सायकॉलॉजिकल सेफ्टी (टीममध्ये न घाबरता बोलता येणं) तुम्ही वाचली असेल, 1999 चा पेपर, त्याआधी ती हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका बघत होती आणि चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असं धरून गेली तर नोंदलेल्या चुका उलट जास्त निघाल्या, कारण तिथले लोक चुका लपवत नव्हते. मला हेच चाकणच्या शॉपफ्लोअरवर बघायचं होतं. हे मोजायची तिची स्केल, म्हणजे प्रश्नावली, सात वाक्यांची, त्यातलं पहिलंच, टीममध्ये चूक झाली तर ती तुमच्याविरुद्ध धरली जाते अशा अर्थाचं. मी मराठी केलं, दुसऱ्याकडून परत इंग्रजी करून घेतलं, गाइडने सही केली, सगळं शास्त्रोक्त. पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीला, एक ऑपरेटर काका वाचून म्हणाले, “म्हणजे साहेब मनात धरतात का, असंच ना?” चार महिन्यांची मेहनत आणि खरं वाक्य त्यांच्या तोंडात होतं! तेच घातलं. मग मुख्य सर्वेच्या दिवशी एचआरचा माणूस ‘मदतीला’ म्हणून खोलीत खुर्ची टाकून बसला आणि साठ फॉर्मपैकी बहुतेकांवर सरळ रेषेत ‘पूर्ण सहमत’. साहेब मनात धरतात की नाही याचं उत्तर मिळालं, फक्त थीसिसमध्ये घालता येईना. दुसरी कंपनी शोधण्यात आठ महिने गेले. शिवाय एकाच माणसाला एकाच दिवशी एकाच फॉर्मवर ‘बॉस कसा’ आणि ‘तू खूश का’ दोन्ही विचारलं की उत्तरं एकमेकांना चिकटतातच, पॉडसाकॉफ वगैरेंचा 2003 चा पेपर यावरच आहे आणि रिव्ह्यूअर तो तोंडावर फेकतात. म्हणून दोन वेळा जा, सुपरवायझरकडून वेगळं रेटिंग घ्या, म्हणजे परवानगी परत दोनदा.

सोशलवालीला हा त्रास नाही, तिला पोरं मिळतात, कॉलेजमधली, नोटीस लावली की येतात. पण तिचं दुखणं वेगळं. 2015 मध्ये सायकॉलॉजीचे 100 अभ्यास परत करून बघितले तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांत आधीसारखा ठोस निकाल आला, आणि सोशलचा आकडा त्याहून वाईट, साधारण पंचवीस टक्के. त्यामुळे आता तिला हायपोथेसिस, म्हणजे काय निघेल हा अंदाज, प्रयोगाआधीच रजिस्टर करायची, सॅम्पल मोठं घ्यायचं, आणि निकाल काही नाही आला तर ‘काही नाही आला’ हेच धीटपणे लिहायचं. तीन प्रयोगांपैकी दोन फसले तिचे, आणि ती म्हणते हीच माझी थीसिस. मला हे जमलं नसतं, खरं सांगते. पण शिकायचंच असेल तर रिसर्च डिझाइन तिथे जास्त पक्कं होतं, आमच्याकडे अमॉस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बाण काढून मॉडेल ‘फिट’ झालं की लोक पेढे वाटतात.

भारतीय संदर्भ दोन्हीकडे आहे, फक्त शोधावा लागतो. 1934 चा बिहारचा भूकंप झाल्यावर जमुना प्रसादांनी अफवांचा अभ्यास केला, आणि जिथे धक्का बसला पण पडझड झाली नाही तिथे याहून मोठं संकट येणार अशा अफवा पसरल्या होत्या. फेस्टिंगर डिसोनन्सपर्यंत पोचला तो याच कोड्यावरून, भीती आधी वाटली होती आणि तिला साजेसं कारण लोकांनी नंतर शोधलं. ओबीत जे.बी.पी. सिन्हांचा 1980 चा नर्चरंट टास्क लीडर, म्हणजे माया करणारा पण काम चोख करून घेणारा साहेब, हा चाकणला मला अमेरिकन मॉडेल्सपेक्षा जास्त भेटला. उदय पारीक आणि टी.व्ही. राव यांचं एल अँड टीमधलं सत्तरच्या दशकातलं एचआरडीचं (मनुष्यबळ विकासाचं) कामही वाचाच. आणि सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीच्या मानसशास्त्र संस्थेत एक चक्कर मारा, चाचण्या मराठीत कशा बसवतात हे तिथल्या लोकांशी बोलून जास्त कळेल.

पैशाचं आणि वेळेचं दोन्हीकडे सारखंच. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) असेल तर 2023 पासून महिना 37,000 आणि वर घरभाडं, नसेल तर राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपपैकी जी लागू असेल ती बघा. 2022 च्या यूजीसी नियमांप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. नोकरी करत असाल तर ऑफिसची एनओसी घेऊन पार्टटाइम होतं, आणि इथे ओबीवाल्याला फायदा, स्वतःचं ऑफिस हेच फील्ड. तोटाही तोच, आपल्याच बॉसवर चॅप्टर लिहिणार का?

नोकरी. पुण्यात एमबीए कॉलेजं ढिगाने, त्यामुळे ओबी-एचआर शिकवायला जागा सोशलपेक्षा जास्त निघतात, कॉर्पोरेट ट्रेनिंग आणि कन्सल्टिंगही आहे. पण मास्टर्स एम.ए. सायकॉलॉजी असेल तर मॅनेजमेंटच्या इंटरव्ह्यूत ‘तुमचं एमबीए कुठाय’ विचारतात, मला दोनदा विचारलंय, तेव्हा पात्रतेचा नियम अ‍ॅडमिशनआधी नीट वाचा. सोशलमध्ये जागा कमी, पण रूममेटला तिच्या स्टॅटिस्टिक्समुळे एका यूजर रिसर्चच्या कामाची ऑफर आली, मला नाही आली. जळते थोडी.

आणि हे सगळं एका बाजूला, गाइड एका बाजूला. चांगल्या गाइडकडे सोशलची सीट असेल आणि ओबीत कोण मिळेल माहीत नसेल, तर मी डोळे झाकून सोशल घेईन. या आठवड्यात शोधगंगेवर (थीसिस ठेवलेली वेबसाइट) जा, ज्यांच्याकडे जायचंय त्यांच्या शेवटच्या दोन विद्यार्थ्यांच्या थीसिस उतरवा आणि फक्त मेथडचा चॅप्टर वाचा. दोन्हींमध्ये तोच सर्वे, तेच ठरीव 384 लोकांचं सॅम्पल आणि शेवटी त्याच शिफारशी दिसल्या, तर दुसरं नाव बघा.