उभ्या गाडीत उंदीर: दोन वर्षांच्या वापरानंतर यंत्र, फवारा, गोळ्या आणि पत्रा

मी व्यापारी जहाजावर इंजिन खात्यात आहे. पाच-सहा महिने समुद्रावर, मग तीनेक महिने गुहागरजवळच्या घरी. त्यामुळे माझी गाडी वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस पडवीलगतच्या शेडमध्ये नुसती उभी. आईबाबा घरी असतात, पण दोघंही चालवत नाहीत. हे आधी सांगतो, कारण रोज फिरणाऱ्या गाडीत उंदीर शिरला तर त्याला सकाळी पळावं लागतं. उभ्या गाडीत तो संसार थाटतो.

मे २०२३ मध्ये उतरलो, चावी फिरवली. स्टार्टर फिरतोय, इंजिन घेत नाही. मेकॅनिकने बॉनेट उघडलं तर आतल्या आवरणाचा कापूस पिंजून बॅटरीवर गादी केलेली, त्यात पेंढा आणि भाताची टरफलं. इंजेक्टरच्या दोन वायरी तुटलेल्या, काचेवर पाणी मारायची नळी कुरतडलेली, एसीची हवा गाळणाऱ्या केबिन फिल्टरची चाळण. बिल १४,६०० रुपये. एसीचा वास पुढे महिनाभर गेला नाही तो वेगळाच.

वायरीत खाण्यासारखं काय असतं असं बाबांनी विचारलं. खाण्यासाठी नसतंच ते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडल्याशिवाय त्याचं भागत नाही. वरून आमची शेड भाताच्या कणगीपासून वीस पावलांवर. पावसात शेतात पाणी भरलं की बांधावरची बिळं बुडतात आणि सगळी मंडळी कोरड्यात येतात. कापणी झाली की पुन्हा. एका मादीला पिल्लं व्हायला जेमतेम तीन आठवडे लागतात, म्हणजे मी एका फेरीवर असताना गाडीत तीन पिढ्या नांदू शकतात.

पहिली खरेदी, बॉनेटखाली लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवायचं. बॅटरीला जोडायचं, निळा दिवा लुकलुकतो, किंमत १,१०० च्या आसपास. ऑगस्टमध्ये लावून गेलो, जानेवारी २०२४ ला परतलो. नवं घरटं यंत्राला टेकून होतं, दिवा चालू असता तर पिल्लांना रात्रीचा मंद दिवाच झाला असता. पण तो चालू नव्हता, कारण यंत्राने थेंब थेंब करत बॅटरीच संपवली होती. ती काही लगेच संपली नसणार, म्हणजे बरेच दिवस आवाज ऐकतच त्यांनी बांधकाम केलं असावं. इतक्या वरच्या पट्टीचा आवाज धातूच्या आडोशापलीकडे जात नाही, आणि बॉनेटखाली आडोशांशिवाय असतं काय? शिवाय उंदीर अशा आवाजाला सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना, दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, अशी ताकीद दिली होती. हे मला पैसे गेल्यावर कळलं.

वासाचा फवारा रोज फिरणाऱ्या गाडीला दर पंधरा दिवसांनी मारत असाल तर थोडाफार उपयोगी पडत असेल. कोकणातल्या जुलैमध्ये तो आठवडाभरही टिकला नाही. डांबरगोळ्या बॉनेटमध्ये ठेवू नका, तो वास एसीतून थेट नाकात येतो आणि आरोग्याला वाईट. तंबाखूची पानं मेकॅनिकने सुचवली, लावलीही. त्यावर लेंड्या सापडल्या. चिकट पुठ्ठ्यावर एक पाल आणि एक बेडूक अडकला, ते सोडवताना आईने मला जे ऐकवलं त्यानंतर तो प्रकार बंद. विषाच्या वड्या मी आणल्याच नाहीत. विष खाल्लेला उंदीर डॅशबोर्डमागे जाऊन मेला तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि आमच्या शेडमागे धामण असते, तिच्या पोटात ते विष जायला नको. (ती धामण एकदा बंपरखाली दिसल्यावर मेकॅनिक आठवडाभर फिरकला नाही. पण उंदरांचा हिशोब आम्हा सगळ्यांपेक्षा तिनेच चोख ठेवला.)

डोकं चाललं ते बाबांचं. मी नवं यंत्र मागवायच्या बेतात होतो. ते म्हणाले, "अरे, माडाला पत्रा कशाला मारतात रे?" आमच्याकडे नारळाच्या खोडाला माणसाच्या उंचीच्या वर पत्र्याचा गुळगुळीत पट्टा ठोकतात, त्यावर उंदराची नखं टिकत नाहीत. आणि मी? बंदरात लागलं की जहाजाच्या प्रत्येक दोरखंडावर रॅट गार्डच्या तबकड्या चढवतात त्या इतकी वर्षं बघतोय. जहाजाला उंदीर नसल्याचं प्रमाणपत्र लागायचं, आता सॅनिटेशनचं लागतं, दर सहा महिन्यांनी नवं. तिथे कोणी उंदराला आवाज काढून घाबरवत बसत नाही. त्याची वाट तोडतात. घरी मात्र मी निळा दिवा लावून बसलो होतो.

मार्च २०२४ मध्ये गाडीभोवती सपाट जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याचं कुंपण केलं. तीन फूट उंच, आठ फुटी सहा पत्रे. नालीचा पत्रा घेऊ नका, सपाटच घ्या. अँगल आतल्या बाजूने, म्हणजे बाहेरून पाय ठेवायला काही उरत नाही. तीन फूट एवढ्यासाठी की मोठा उंदीर जागेवरून दोन फूट सहज उडी मारतो. खालची फट सिमेंटने बुजवली, कारण जिथे पेन्सिल जाते तिथे लहान उंदीर जातो. शेडला कोबा आहे म्हणून घुशीचा प्रश्न आला नाही; मातीची जमीन असेल तर ती खालून येईल. पुढचा पत्रा हुकांवर, काढता येण्यासारखा. मजुरीसकट ९,२०० रुपये. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि सायलेन्सरला पाव इंची जाळी लावली. सायलेन्सरची जाळी गाडी चालू करण्याआधी काढायची, म्हणून तिची चिठ्ठी स्टिअरिंगवर.

जूनमध्ये निश्चिंत मनाने जहाजावर गेलो. ऑगस्टमध्ये बाबांचा फोटो आला. पुढच्या काचेवर लेंड्या.

कुंपण शाबूत, मग आले कुठून? दोन दिवस व्हिडिओ कॉलवर शेड फिरून पाहिली. पावसाळ्यात आई शेडमध्ये कपडे वाळत घालते. दोरी घराच्या वाशापासून शेडच्या खांबापर्यंत, बरोबर गाडीच्या टपावरून. घरात वाशांवर फिरणारा काळा उंदीर दोरीवरून डोंबाऱ्यासारखा चालत येत होता आणि मध्येच खाली उतरत होता. जहाजाच्या दोरखंडांवर पहारा बघणाऱ्या माणसाच्या गाडीवर घरच्या दोरीवरून उंदीर. जहाजावर सांगितलं तेव्हा कॅप्टनही हसला.

दोरी हलवायला आई तयार नव्हती. "तुझ्या गाडीसाठी कपडे ओले घालू?" तबकडीसाठी परातही मिळाली नाही. शेवटी बाबांनी उरलेल्या पत्र्याची दोन फुटी चकती कापून घेतली, मधोमध भोक पाडून दोरीवर वाशाच्या टोकाला बसवली. खांबांना माडासारखेच पट्टे मारले. शेडवर टेकलेली पोफळीची झावळी तोडली.

दर रविवारी बाबा कुंपणाच्या आत रांगोळी भुरभुरवतात. पाऊल उमटलं की कळतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर एकही उमटलेलं नाही. त्याच दिवशी ते बॅटरीचा एरवी बंद ठेवलेला खटका चालू करतात, बॉनेटवर दोन थापा मारतात आणि न्यूट्रलमध्ये पंधरा मिनिटं इंजिन चालवतात. याला ते गाडीला पाणी पाजणं म्हणतात. नोव्हेंबरमध्ये परतलो तेव्हा बॉनेट स्वच्छ. पुन्हा फेब्रुवारी २०२५ ला गेलो, जुलैत आलो, तेव्हाही स्वच्छ. त्या पाच महिन्यांत नवीन खर्च शून्य.

तक्रारी आहेत. पुढचा पत्रा बाबांना एकट्याने उचलत नाही, कडेने हात कापतो. मी कडांवर जुना पाण्याचा पाईप चिरून बसवला. उन्हाळ्यात कुंपणाच्या आत भट्टी होते. शहरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे कोणी करू देणार नाही, तिथे गाडी दोन-चार दिवसांनी हलवणं आणि बॉनेट उघडं ठेवणं एवढंच हातात आहे.

आणि घरटं सापडलंच तर सुक्या झाडूने झाडू नका. आमच्या भागात दर पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाचे रुग्ण असतात, तो उंदराच्या मुतातून येतो. हातमोजे, ब्लिचिंगचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने उचला. केबिन फिल्टर धुऊन परत घालू नका, नवा घाला.

बाबांची स्कूटर अजून कुंपणाबाहेरच असते. तिच्या सीटखालचा स्पंज गेल्या आठवड्यात गेला.