कॉम्प्युटरच्या आवाजापायी मावशीचे पन्नास हजार गेले

कॉम्प्युटरचा आवाज गेला, प्रिंटर चालेना, ईमेल उघडेना, काहीही झालं तरी गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून वर येईल त्या नंबरावर फोन करू नका. माझ्या मावशीचे ५०,८९० रुपये अशाच एका फोनातून गेले. आणि मूळ बिघाड काय होता म्हणाल, तर बिघाड नव्हताच. कॉम्प्युटर, स्पीकर, विंडोज सगळं धडधाकट होतं.

मावशी गिरगावात एकटी राहते आणि संध्याकाळी ऑनलाइन पेटी शिकवते. काही मुलं पुण्या-नाशिकची, दोघी बहिणी अमेरिकेतल्या. जुन्या मॉनिटरवर मुलांची बोटं नीट दिसत नाहीत म्हणून तिने लॅमिंग्टन रोडवरून मोठा मॉनिटर घेतला. दुकानातला मुलगा घरी येऊन जोडूनही देऊन गेला. जुना मॉनिटर व्हीजीए वायरीवर होता, नवा एचडीएमआयवर. व्हीजीएतून फक्त चित्र जातं, एचडीएमआयमधून आवाजही जातो. ही वायर लावली की विंडोज पुष्कळदा आपणहून ठरवून टाकते की यापुढे आवाज मॉनिटरमधून काढायचा. त्या मॉनिटरला स्पीकर नव्हते. म्हणजे कॉम्प्युटर आवाज पाठवत होता आणि तो कुठेच वाजत नव्हता.

टेबलावरच्या स्पीकरचा दिवा लागलेला. मावशीने मागची हिरवी पिन काढून परत घट्ट बसवली, आवाजाची पट्टी शंभरावर नेली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरी शांतता. सहाला वर्ग. मग तिने फोनवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या १८०० ने सुरू होणाऱ्या नंबरावर फोन लावला. त्या ओळीवर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. म्हणजे कोणीतरी पैसे भरून ती जागा घेतलेली असते. १८०० पाहिलं की आपल्या लोकांना सरकारी किंवा मोठ्या कंपनीचा नंबर वाटतो. तसं काही नसतं, पैसे भरणाऱ्या कुठल्याही धंद्याला टोल फ्री नंबर मिळतो.

पलीकडचा मुलगा आधी हिंदीत बोलला, मावशीचं हिंदी ऐकून लगेच मराठीवर आला. "काळजी करू नका मॅडम, सहाच्या आत चालू करून देतो." त्याने पडदा दुरून चालवायचं एक ॲप डाउनलोड करायला लावलं, त्यात आलेला नऊ आकडी नंबर विचारून घेतला आणि मावशीच्या डोळ्यांसमोर माउसचा बाण आपोआप फिरायला लागला. ही ॲप स्वतः वाईट नसतात, ऑफिसांमध्ये रोज वापरतात. पण तो नंबर सांगून परवानगी दिली की समोरचा माणूस तुमच्या खुर्चीत बसलेला असतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच अशा ॲपच्या वापरातून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं.

पुढे त्याने जे दाखवलं ते मी मावशीकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतलंय, कारण लोकांना घाबरवायचा हा साचा ठरलेला आहे.

आधी त्याने 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडलं, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी येते, 'एरर', 'वॉर्निंग', 'एरर'. तो म्हणाला, "बघा मॅडम, किती ठिकाणी करप्ट झालंय." तुम्ही आत्ता तुमच्या घरच्या ठणठणीत कॉम्प्युटरवर ते उघडा, अशाच खुणा दिसतील. एखादा प्रोग्रॅम सेकंदभर उशिरा सुरू झाला तरी तिथे नोंद होते.

मग कमांड, म्हणजे लेखी हुकूम, टाइप करून द्यायची काळी खिडकी. त्यात 'नेटस्टॅट' टाइप केलं, 'फॉरेन ॲड्रेस' असा रकाना आला. "हे परदेशातले लोक तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बसलेत." खरं तर तुमचा कॉम्प्युटर ज्या ज्या सर्व्हरशी बोलत असतो, त्या पलीकडच्या टोकाच्या पत्त्याला तिथे तसं म्हणतात. तुम्ही बातम्यांचं एक पान उघडलं तरी ती यादी भरते.

आणि मग त्याच खिडकीत 'ट्री'. ही कमांड दिली की कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फोल्डरांची नावं भराभर सरकत जातात, बराच वेळ. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी तपासणी चाललीय. ती सरकत असतानाच तो आपल्या बाजूने इंग्रजीत टाइप करत होता. कमांड संपली की टाइप केलेली अक्षरं शेवटी उमटतात. मावशीला दिसलं ते असं: 'साउंड ड्रायव्हर लायसन्स एक्स्पायर्ड. सिक्युरिटी ब्रीच.' जणू कॉम्प्युटरनेच निकाल सांगितला. तिला धडकी भरली ती इथे.

वर कारणही तयार होतं. "विंडोज १० बंद झाली ना मॅडम, बातम्यांमध्ये वाचलं असेल, म्हणून ऑडिओचं लायसन्स संपलं." मावशीने खरंच वाचलं होतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, हे खरंच आहे. पण त्याचा अर्थ सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट थांबले, एवढाच. आवाज बंद पडत नाही, आणि साउंड ड्रायव्हरचं, म्हणजे आवाजाचं यंत्र चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, लायसन्स दरवर्षी संपतं वगैरे असं काही नसतंच. खरी बातमी घेऊन तिच्या शेपटीला खोटं बांधायचं, यात ही मंडळी फार तयार आहेत.

४,९९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५,८९९ रुपये. क्यूआर कोड पाठवला. पिन टाकायच्या आधी यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं, ते एका बाईचं होतं. मावशीने विचारलंही. "आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत." कंपनीचे पैसे कुणा व्यक्तीच्या नावावर जात असतील तर तिथेच फोन ठेवायचा, मग समोरचा काहीही कारण देवो.

पैसे पोचल्यावर त्याने खाली घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक केलं, वर नावांची छोटी यादी उघडली, त्यातलं दुसरं नाव निवडलं. टेबलावरचे स्पीकर वाजले. एवढंच काम होतं. फोन लागल्याबरोबर ते करता आलं असतं.

बिलही ईमेलवर आलं, कंपनीचा शिक्का वगैरे. मी नंतर ते नीट पाहिलं. पत्ता अंधेरीचा आणि जीएसटी क्रमांक ०९ ने सुरू होणारा. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. शिवाय क्रमांकात चौदाच अक्षरं होती, असायला हवीत पंधरा. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर कोणताही क्रमांक टाकून तो कोणाचा आहे हे लॉगिन न करता, फुकट बघता येतं. बिल हातात आलं म्हणजे धंदा खरा, असं समजू नका.

इथवर थांबलं असतं तरी मी लिहिलं असतं, पण खरा घाव पुढे बसला. काही आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. "मावशी, आमची कंपनी बंद होतेय, सगळ्यांचे पैसे परत करतोय." मॅडमची आता मावशी झाली होती. ते ॲप कॉम्प्युटरमध्ये तसंच होतं आणि न विचारता आत येण्याचा पासवर्ड त्यांनी पहिल्याच दिवशी लावून ठेवला होता. त्यांनी तिला नेटबँकिंग उघडायला सांगितलं, मग परताव्याचा फॉर्म आला, रक्कम तिलाच भरायला लावली. तिने ४९९९ टाकलं, पडद्यावर ४९९९० उमटलं. पडदा क्षणभर काळा झाला. परत उघडला तेव्हा तिच्या खात्यात ४९,९९० रुपये जमा दिसत होते.

"मावशी, तुमच्याकडून एक शून्य जास्त पडलं. आता ते माझ्या पगारातून कापतील हो. माझी आई आजारी आहे." तो रडायला लागला. मावशीने आयुष्यात कुणाचे चार आणे ठेवलेले नाहीत. तिने लगेच, स्वतःहून, वरचे ४४,९९१ रुपये त्याने सांगितलेल्या खात्यावर पाठवले. ओटीपी तिनेच टाकला.

खात्यात काहीच जमा झालं नव्हतं. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचे आकडे आपल्यापुरते बदलता येतात. बँकेत त्याने काही होत नाही, फक्त आपल्या पडद्यावर वेगळं दिसतं. पान रिफ्रेश केलं की खरे आकडे परत येतात. तिच्या मोबाइलवर बँकेचा जमा झाल्याचा मेसेजही आला नव्हता. कोणी 'जास्त आले, परत करा' म्हटलं तर आधी फोन ठेवा आणि वेगळ्या मार्गाने खातं बघा. बँकेत जा, एटीएममधून मिनी स्टेटमेंट काढा, पण त्या कॉम्प्युटरवर बघू नका. खरोखर चुकून पैसे आले असतील तर ते परत न्यायची पद्धत बँकेकडे आहे, रडणाऱ्या माणसाच्या खात्यावर आपण पाठवायचे नसतात. मला सगळ्यात संताप याचा येतो. पहिल्या वेळी त्यांनी तिची घाई वापरली, दुसऱ्या वेळी तिचा प्रामाणिकपणा.

संध्याकाळी तिने मला फोन केला तो "अगं, रागावू नकोस" इथून सुरुवात करून. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे वाक्य म्हणावं लागतं म्हणून पुष्कळ फसवणुकी उशिरा उघड होतात. रागावू नका. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

आम्ही आधी इंटरनेटची वायर काढली, मग १९३० ला फोन. ही केंद्र सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीची हेल्पलाइन, तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही करता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि पैसे गेलेला खाते क्रमांक हाताशी ठेवा. तिथून पुढच्या बँकांना कळवलं जातं आणि पैसे ज्या खात्यात अजून शिल्लक असतील तिथे ते रोखून धरतात. आमचे १८,००० रुपये असे अडकले, बाकीचे तोवर पुढे सरकलेले. अडकलेले पैसे परत मिळायची वाट पाहतोय. पोलीस ठाण्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली नोंद झाली, म्हणजे कॉम्प्युटर वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं. बँकेने भरपाई नाकारली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिलं होतं ते त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांपुरतं, आणि इथे ओटीपी मावशीने स्वतः टाकला होता.

कॉम्प्युटरमध्ये त्यांनी आणखी काय ठेवलंय याचा भरवसा नव्हता, म्हणून गाण्याच्या आणि वर्गाच्या फाइली बाहेर काढून विंडोज नव्याने टाकली. नेटबँकिंग, ईमेल, सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले.

आता आवाजाचं. कोणाला फोन करायच्या आधी हे बघा. खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा. विंडोज १० मध्ये पट्टीच्या वर एक नाव आणि छोटा बाण दिसतो, ११ मध्ये बाण पट्टीच्या शेजारी असतो. तिथे मॉनिटरचं नाव असेल तर बदलून स्पीकरचं करा, बहुतेक ठिकाणी 'रियलटेक' असं काहीतरी लिहिलेलं असतं. नवा मॉनिटर, टीव्ही किंवा ब्लूटूथ हेडफोन जोडल्यानंतर आवाज गेला असेल तर दहातल्या नऊ वेळा हेच, असं मी माझ्या ऑफिसातल्या रोजच्या कामावरून सांगते. एकाच प्रोग्रॅमचा आवाज येत नसेल तर त्याच चिन्हावर उजवं क्लिक करून 'व्हॉल्यूम मिक्सर' बघा, तिथे प्रत्येकाची वेगळी पट्टी असते. हिरवी पिन हिरव्याच भोकात आहे ना ते बघा, गुलाबी माइकचं असतं. तरीही नाही आला तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये साउंडचं यंत्र अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, विंडोज ड्रायव्हर परत बसवते.

मावशीची आणखी एक जुनी तक्रार होती. वर्ग चालू असताना तानपुऱ्याचा आवाज एकदम बारीक होतो. हाही बिघाड नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये 'साउंड', त्यात 'कम्युनिकेशन्स'. तिथे मुळातच असं ठरवलेलं असतं की कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे. 'डू नथिंग' निवडलं, तानपुरा पूर्ववत.

तक्रार दिल्यावर तिसरा फोनही आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला २,५०० रुपये फी भरा." एकदा फसलेल्यांच्या याद्या ही मंडळी एकमेकांना विकतात असं मला पोलीस ठाण्यात सांगितलं. १९३० वाले किंवा पोलीस पैसे मिळवून द्यायला फी मागत नाहीत, क्यूआर कोड पाठवत नाहीत. मावशीने बोलणं वाढवलं नाही, फोन ठेवला आणि मला नंबर पाठवला. तो दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवायच्या 'चक्षू'मध्ये नोंदवलाय आणि आमच्या तक्रारीलाही जोडून दिलाय.