सभागृह फर्मने बांधून द्यावं, की फक्त देखरेख करावी?

वस्तीत हजारेक चौरस फुटांचं सभागृह किंवा अभ्यासिका उभारायची आहे आणि एखादी सिव्हिल इंजिनिअरिंग फर्म मदतीला तयार आहे. मंडळापुढे दोन वाटा असतात. फर्मने सगळं बांधून किल्ल्या हातात द्यायच्या. किंवा डिझाइन आणि साइटवर इंजिनिअर फर्मचा, माल मंडळाचा आणि काम लेबर रेटने, म्हणजे ठेकेदाराला फक्त मजुरी. सिमेंटच्या गोण्या देणगी म्हणून घ्यायची तिसरी वाट आम्ही सुचवत नाही. पावसाळ्यात तीन महिने पडलेल्या गोणीची ताकद घटलेली असते.

आधी कागद पाहा. फर्म सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांना कायद्याने करावा लागणाऱ्या सामाजिक खर्चातून, पैसे देणार असेल, तर 2021च्या सुधारित नियमांनुसार इमारत सीएसआर नोंदणी असलेला सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत संस्था (सोसायटी) किंवा कलम 8 (ना-नफा) कंपनी, लाभार्थ्यांचे गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडेच राहू शकते. नोंदणी नसलेल्या मंडळाच्या नावावर नाही. सीएसआरची सक्ती मात्र 500 कोटी नेटवर्थ, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा यांपैकी एक टप्पा गाठणाऱ्या कंपन्यांनाच आहे. छोटी फर्म स्वखुशीने मदत करत असेल, तर हा प्रश्न येत नाही.

फर्मने पूर्ण बांधून देण्यात सुख हे, की माल, मजूर आणि जबाबदारी एका हाती राहते आणि मंडळात हिशेबावरून वाद होत नाहीत. अडचण येते मार्चची. आर्थिक वर्ष संपायच्या आत सीएसआरचे पैसे खर्ची पडावेत म्हणून स्लॅब मार्चमध्ये उरकला जातो आणि क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, येतं नेमकं उन्हाच्या, टँकरच्या दिवसांत. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान 10 दिवस ओलावा हवा. कंपनीच्या संचालक मंडळाने काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं, तर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. हे सुरुवातीलाच मागून घ्या.

देखरेखीच्या वाटेत पैसे वाचतात, पण इंजिनिअर ठरावीक दिवशी हजर असला तरच. पहिला दिवस पायाच्या खड्ड्यांचा. पुण्यात कुठे चार फुटांवर काळा पाषाण लागतो, तर कुठे काळी माती संपता संपत नाही. अर्धी फुटिंग (कॉलमखालचा पाया) मुरमावर आणि अर्धी भरावावर बसली, तर एक बाजू खचते आणि भिंतीला तिरकी भेग जाते. म्हणून खड्डे पाहिल्याशिवाय फुटिंगची मापं पक्की करू नयेत.

दुसरा दिवस स्लॅबचा. हजार चौरस फूट, पाच इंच जाडी म्हणजे सुमारे 12 घनमीटर, बीम वेगळे. पेठांतल्या गल्लीत आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी शिरत नाही, तिथे साइटवरच मिक्सर लावावा लागतो. एम20 या ताकदीच्या काँक्रीटच्या प्रमाणित मिश्रणात 50 किलोच्या गोणीला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी चालतं. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) भुकटी जास्त असली की माल घट्ट वाटतो, मिस्त्री आणखी एक बादली ओततो आणि ताकद तिथेच जाते. त्याहून ताकदीचं एम25 हवं असेल, तर प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइनच (मिश्रणाचं प्रमाण) करून घ्या. बीम धरून काँक्रीट 16 ते 30 घनमीटर झालं, तर तीन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे). 28 दिवसांचे रिपोर्ट मंडळाच्या फाइलला लावा.

तिसरा दिवस टेकू काढायचा, आणि चुका इथे फार होतात. 25 फुटी बीम म्हणजे सुमारे 7.6 मीटर. त्याचे टेकू किमान 21 दिवस राहिले पाहिजेत, पीपीसी असेल तर आणखी. सेंटरिंगवाल्याला (साचा-टेकू लावणाऱ्याला) प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून तो बाराव्या दिवशीच मागे लागतो. टेकू काढण्याची परवानगी इंजिनिअरच्या सहीनेच, असं लेबर करारात लिहा.

मंडळातली दोन माणसं रोज साइटवर थांबू शकत असतील आणि निधी हातात असेल, तर देखरेखीची वाट घ्या. नसतील, तर काम पूर्ण फर्मकडे सोपवा. अर्धवट देखरेख सगळ्यात महाग पडते. दोन्ही वाटांत स्ट्रक्चरल ड्रॉइंगचा संच मंडळाकडे हवा, म्हणजे पुढे वर मजला चढवताना कॉलमचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. लेबर रेटच्या कामात शेवटच्या बिलातली पाच टक्के रक्कम राखून ठेवा आणि एक पावसाळा गेल्यावर, गच्ची गळत नाही हे पाहूनच द्या.