आमच्या गावचं रेशन दुकान: पाचपैकी तीन गुण

दुकानदार सरळ माणूस, आधी ते सांगतो. बीडकडच्या खेड्यात एवढंही पुष्कळ. मायच्या अंगठ्याच्या रेषा ऊसतोडीत झिजल्यात, मशीन तीनदा नाही म्हणतं. हा वैतागत नाही, हात पुसायला फडकं देतो. पावतीही मागावी लागत नाही.

दोन गुण कापले ते स्वस्त धान्य कुणाला द्यायचं त्या सरकारी यादीपायी, त्यात त्याचा दोष नाही. खेड्यात प्राधान्य कुटुंब, म्हणजे माणशी धान्य मिळणारं घर, ठरायला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 44,000 रुपये. घरातले दोघं रोजानं गेले की ती ओलांडलीच. खरी कमाई लिहून देणार कोण? अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, घरटी 35 किलो, मग माणसं दोन असोत का नऊ. आम्ही सात जण, माणशी 5 किलोनं आम्हालाही तेवढंच!

शेजारचे काका केसरी कार्डवाले, प्राधान्य यादीबाहेरचे शेतकरी. 2015 पासून मराठवाड्यासह 14 जिल्ह्यांत अशांना गहू 2 रुपयांनी, तांदूळ 3 रुपयांनी मिळायचा. निकष जिल्ह्याचा, त्यामुळं बागायतदारही रांगेत. 2023 मध्ये धान्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यात टाकायचं ठरलं. काका तेव्हा विचारायचे, "दीडशेत पाच किलो ज्वारी तरी येती का रे?"

जायचं तर सकाळीच जा. दुपारी सर्व्हर झोपतो.