ओएसएमएनएक्स: रस्त्यांची जोडणी मोजायला मोफत आणि भरवशाचं

शहर पसरताना बंद गल्ल्या किती वाढल्या, हे मोजायला ओएसएमएनएक्स ही पायथॉन लायब्ररी (पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतला तयार कोड) उत्तम. संभाजीनगरात सिडको आणि सातारा-देवळाई वेगवेगळे मोजा, सरासरीत फरक बुडतो. मोजणीच्या हद्दीवर तुटलेला रस्ता ती बंद गल्ली धरत नाही, हे फार मोलाचं.

जपायचं ते चौकांपाशी. जालना रोडला दुभाजक, म्हणून नकाशात दोन रेषा आणि एकच चौक दोन-चारदा मोजला जातो. आधी नकाशा यूटीएम ४३ मध्ये (अंतरं मीटरमध्ये देणाऱ्या नकाशापद्धतीच्या इथल्या पट्ट्यात) आणा, मग १० मीटरच्या मर्यादेने चौक एकत्र करा. ३० ठेवलेत तर शेजारच्या गल्ल्याही एकात जातात.

खरी उणीव ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे ही लायब्ररी लोकांनी काढलेल्या ज्या मोफत नकाशावरून मोजते त्याची: नव्या प्लॉटिंगमधला न काढलेला जोडरस्ता बंद गल्लीच दिसतो. उपग्रहचित्राशी ताडून पाहाच.